अमेरिकेतल्यासारखी माफी आपल्याकडच्या डायरेक्टर लोकांना मिळू शकते का? आणि मिळाली तर आमच्या पैशाचं काय?

लेथवाला_उद्यमनगर

मंडळी, कोर्टाचं काम जवळून बघितलेल्यांसाठी हा प्रश्न आहे. ‘मेव्हण्याचा मित्र वकील आहे, तो म्हणाला’ असलं नको, ते मी रोज चहाच्या गाड्यावर ऐकतोय.

माझं उद्यमनगरात जॉबवर्कचं शॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि एक व्हीएमसी, तिचे हप्ते अजून चालू आहेत. वडील एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे जे आले, त्यातले नऊ लाख त्यांनी इथल्याच एका कंपनीत घातले. नाव घेत नाही, केस चालू आहे, आणि कोल्हापुरात असल्या कंपन्या काय एकदोनच झाल्यात व्हय? ‘आमची टीम शेअर मार्केटमध्ये ट्रेडिंग करते, तुम्ही फक्त दरमहा परतावा घ्या, मुद्दल सेफ.’ वडिलांना तिथं नेणारा त्यांच्याच डेपोतला ड्रायव्हर, वर्षानुवर्षं एका गाडीवर ड्युटी केलेला. त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? पहिले काही महिने पैसे तारखेच्या आदल्या दिवशी जमा. ते बघून आत्यानं गंठण मोडलं आणि तिनंही घातले. मग एक महिना ‘सर्व्हर बदलतोय’, पुढच्या महिन्यात ‘बँकेनं खातं फ्रीज केलंय, आठ दिवसांत सुटेल’, आणि त्यानंतर शटरच खाली.

गुन्हा दाखल झाला, एमपीआयडी म्हणजे ठेवीदार संरक्षण कायदा लागला, काही डायरेक्टर आत गेले, त्यातले काही जामिनावर बाहेर आले. एक जण परवा ताराबाई पार्कात दिसला. चारचाकीतनं उतरला, मोसंबीचा ज्यूस प्याला, सुट्ट्या पैशांवरनं ज्यूसवाल्याशी हुज्जत घातली आणि गेला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यानं मला ओळखायचं कारणच नव्हतं.

अशात त्या ट्रेव्हर मिल्टनचं वाचलं. अमेरिकेतली निकोला कंपनी त्यानंच काढलेली, बॅटरीवर आणि हायड्रोजनवर चालणारे ट्रक काढणार म्हणून शेअरचा बोलबाला. २०१८ च्या व्हिडिओत त्यांचा ट्रक रस्त्यावरनं झकास पळतोय. खरं म्हणजे तो टेकाडावर ओढत नेला होता आणि उतारावर सोडून दिला होता. वाघबीळच्या उताराला न्यूट्रलवर सोडली तर आमच्या दूधवाल्याची एम-८० पण इलेक्ट्रिकच की! ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरीनं मिल्टनला दोषी धरला, डिसेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू म्हणून तो बाहेरच. २०२४ च्या निवडणुकीआधी त्यानं आणि बायकोनं मिळून ट्रम्पच्या प्रचाराला १८ लाख डॉलरच्या वर देणगी दिली. मार्च २०२५ मध्ये ट्रम्पनं पूर्ण माफी देऊन टाकली. कंपनी त्याच्या आदल्याच महिन्यात दिवाळखोरीत गेलेली. शेअरवाल्यांना ६८ कोटी डॉलर भरपाई द्यायला लावा, अशी सरकारी वकिलांची मागणी कोर्टापुढं होती. माफी आली आणि तीही बारगळली.

शिक्षा गेली ते एकवेळ समजू शकतो, राजकारण आहे. पण ज्यांचं बुडालं त्यांची भरपाई दुसऱ्या कुणी परस्पर कशी सोडून देऊ शकतो? माझ्या खिशातले पैसे, आणि ‘जाऊ दे’ म्हणणारा तू कोण?

तर प्रश्न असा, की आपल्याकडं असं होऊ शकतं का? उद्या यातला एखादा डायरेक्टर कुठल्या पक्षात गेला, गळ्यात पट्टा घालून फोटो काढला, तर त्याला माफी देता येते का? आणि दिली तर जप्त केलेल्या मालमत्तेचं काय होणार?

अजून एक भानगड आहे. वडिलांशी जे करारपत्र केलंय, शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारून, त्यात ‘ठेव’ हा शब्दच नाही. ‘सदर रक्कम लिहून देणार यांनी घरगुती अडचणीपोटी हातउसनी घेतली असे’, असं लिहिलंय. म्हणजे ज्याच्या ऑफिसला काचेचं दार आणि चार पोरी रिसेप्शनला, त्याला घरगुती अडचण, आणि ती भागवणार आमचा कंडक्टर! हे वाचून पोलीस पण हसले. पण कोर्टात हे आडवं येईल का?

वडील म्हणतात, त्याला फाशी दिली तरी मला काय मिळणार, माझे पैसे द्या म्हणावं. मला दोन्ही पाहिजेत.

इचलकरंजीकर

भावा, तू अमेरिकेच्या नावानं बोटं मोडतोयस, पण तिथं निकाल तरी लागतोय. एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवाला सॅम बँकमन-फ्राइड, नोव्हेंबर २०२२ ला दुकान बंद, मार्च २०२४ ला २५ वर्षं. आमच्याकडं एक सूतव्यापारी यंत्रमागवाल्यांना टोपी घालून पळाला. ती केस उभी राहिली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आता पोरगी दहावीला आहे. अजून साक्षीपुरावेच चाललेत, त्यातले दोन साक्षीदार वर गेले. आपल्याकडं माफी कोण कशाला मागेल? तारखा फुकट मिळतायत की.

निवृत्त_नाझर

मी जिल्हा न्यायालयात नोकरी केली, शेवटी नाझर म्हणून बाहेर पडलो. जप्ती, लिलाव, बेलिफ हेच आयुष्य. वकील नाही, तेव्हा जे हाताखालून गेलं तेवढंच सांगतो.

आधी माफीचं. राष्ट्रपतींना घटनेच्या कलम ७२ प्रमाणे आणि राज्यपालांना कलम १६१ प्रमाणे माफी देण्याचा किंवा शिक्षा कमी करण्याचा अधिकार आहे, आणि तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वापरायचा असतो. पण दोन्ही कलमं दोषी ठरलेल्या माणसापुरती आहेत. अमेरिकेत खटला उभा राहण्याआधीसुद्धा माफी देता येते, १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्डनी आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना तशीच दिली. तुमचे डायरेक्टर अजून आरोपी आहेत. आज कुणाच्या कितीही मनात आलं तरी माफ करायला हातात काही नाही.

दुसरं म्हणजे इथली माफी कोर्टात तपासून घेता येते. २००५ मध्ये आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे आंध्रचे राज्यपाल होते. त्यांनी खुनाच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या एकाची उरलेली शिक्षा माफ केली. माणूस सत्ताधारी पक्षाच्या आमदार बाईंचा नवरा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारी अहवालात तो चांगला काँग्रेस कार्यकर्ता असल्याचं लिहिलेलं निघालं. २००६ मध्ये न्यायालयानं ती माफी रद्द केली, आणि जात, धर्म, पक्षनिष्ठा या गोष्टी माफी देताना बघायच्या नसतात असं निकालात स्पष्ट लिहिलं. एपुरु सुधाकर खटला म्हणून वकील लोक अजून त्याचा दाखला देतात.

पट्टा गळ्यात घातला की काय होतं, तर माफी नाही, पण सरकार खटला मागे घ्यायच्या हालचाली करू शकतं. पूर्वीच्या फौजदारी संहितेत कलम ३२१, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६०. अर्ज सरकारी वकिलानं करायचा आणि कोर्टाची संमती लागते. आरोपी आमदार-खासदार असेल तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलंय. नुसता पदाधिकारी असेल तर ती अट नाही. लक्ष ठेवायचं ते इथं.

शिक्षा म्हणाल तर एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, त्याच्या कलम ३ प्रमाणे जास्तीत जास्त सहा वर्षं आणि एक लाख दंड. पाच लाख बुडवले काय आणि पाचशे कोटी बुडवले काय, कमाल मर्यादा तीच. फसवणूक, विश्वासघात वगैरे कलमं जोडीला लावतात म्हणून आरोपपत्र जड दिसतं. आणि कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात.

पैशाचा रस्ता मात्र आपल्याकडं वेगळा आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. अमेरिकेत ती भरपाई फौजदारी शिक्षेचाच भाग असते. शिक्षा पुसली की तीही पुसली. एमपीआयडीत कलम ४ खाली सरकार जप्तीची अधिसूचना काढतं, बहुतेक वेळा प्रांताधिकाऱ्यांना सक्षम प्राधिकारी नेमतं, ते विशेष न्यायालयात जाऊन जप्ती कायम करून घेतात, मग लिलाव आणि वाटप. यासाठी डायरेक्टर दोषी ठरायची वाट बघावी लागत नाही. म्हणजे उद्या शिक्षा होऊन कुणी ती कमी केली, तरी जप्तीचा हुकूम आपोआप पडत नाही.

हातउसन्याची काळजी करू नका. त्या कायद्यात ठेवीची व्याख्या फार ऐसपैस आहे, आणि स्टॅम्पवर काय नाव दिलं यापेक्षा व्यवहार काय होता ते बघितलं जातं. एनएसईएल, म्हणजे नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या ५,६०० कोटींच्या प्रकरणात ‘आम्ही ठेवी घेतल्याच नाहीत, आम्ही एक्स्चेंज’ असा बचाव होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मानला नाही. तुमच्या कंपनीनं शेकडो लोकांकडून एकाच नमुन्याची हातउसनी घेतली असेल तर तो नमुनाच पुरावा.

आता नाझर म्हणून एक कडू गोष्ट. जप्तीचा कागद झाला म्हणजे पैसा झाला असं नाही. गाड्या पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभ्या राहतात, टायर बसतात, बॅटऱ्या चोरीला जातात, लिलावाला येईपर्यंत भंगाराचा भाव. फ्लॅटला बोली लावणारा आधी विचारतो, सोसायटीची थकबाकी किती, बँकेचा बोजा आहे का. बोजा असला की बँकही हक्क सांगायला येते. एमपीआयडीत जप्त मालमत्तेवर बँकेचा हक्क आधी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलंय, तरी बोली लावणारा बिचकतो. त्यामुळं डायरेक्टर ज्यूस पितोय की पन्हं, यावर डोकं तापवण्यापेक्षा त्याच्या बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर गुन्ह्याच्या आसपास काय खरेदी झालं ते बघा. प्रॉपर्टी कार्ड नगर भूमापन कार्यालयात मिळतं, सात-बारा तर मोबाइलवर. दुसऱ्याच्या नावावर घेतलेली आणि जप्ती चुकवायला फिरवलेली मालमत्ताही या कायद्यात जप्त करता येते. ही माहिती लेखी द्यायची आर्थिक गुन्हे शाखेला, आणि पोच घ्यायची.

पूर्वी जामिनाला विरोध करायचा तर मुंबईला पळावं लागायचं, आरोपीचा वकील विमानानं आणि ठेवीदार महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच भाऊसिंगजी रोडला, सीपीआर हॉस्पिटलसमोर बसतंय. ठेवीदारांनी मिळून एक वकील देणं आता आवाक्यात आहे.

गंगावेशकर

नाझरसाहेब, एक नंबर. फक्त ट्रम्पच्या एकट्याच्या नावानं पावती फाडू नका. क्लिंटननी जायच्या दिवशी, २० जानेवारी २००१ ला, मार्क रिचला माफी दिली. करबुडवेगिरीचा आरोप, बाबा स्वित्झर्लंडात लपलेला, आणि त्याच्या घटस्फोटित बायकोच्या देणग्या क्लिंटनच्या पक्षाला. बायडेननी डिसेंबर २०२४ मध्ये एका दिवसात सुमारे दीड हजार लोकांच्या शिक्षा कमी केल्या, त्यात रीटा क्रंडवेल. ही डिक्सन नावाच्या गावच्या नगरपालिकेत हिशेब बघायची. पाच कोटी डॉलरच्या वर हाणले आणि त्यातनं घोडे पाळले, स्पर्धेत बक्षिसं मारणारे! गावात रस्ते दुरुस्तीला पैसे नाहीत आणि बाईच्या तबेल्यात चारशे घोडे. शिक्षा झाली तेव्हा गाव खूश होता, सूट मिळाली तेव्हा सगळा गाव खवळला.

रेखा_राजारामपुरी

मी टॅक्सचं काम करते. अशा कंपन्यांत घातलेल्या पैशांचे कागद घेऊन येणारे माझ्याकडे बरेच येतात, त्यामुळे लेथवाल्या दादांच्या वडिलांचं म्हणणं मला पटतं. राग समजतो, पण तुरुंग आणि वसुली यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

सत्यम ही कॉम्प्युटर कंपनी आठवा. जानेवारी २००९ मध्ये तिचे प्रमुख रामलिंग राजूंनी स्वतः पत्र लिहून हिशेबातला घोळ कबूल केला. स्वतः कबूल करूनही शिक्षा लागली एप्रिल २०१५ मध्ये, सात वर्षांची. अपील केलं, आणि पुढच्याच महिन्यात जामीन. उलट अमेरिकेत अशीच परताव्याची स्कीम चालवणाऱ्या बर्नी मेडॉफला २००९ मध्ये १५० वर्षं दिली, तो तुरुंगातच मेला, पण गुंतवणूकदारांना पैसे मिळाले ते त्या १५० वर्षांमुळे नाही. दिवाळखोरीच्या कामासाठी नेमलेल्या विश्वस्तानं वर्षानुवर्षं दावे लावून १४ अब्ज डॉलरच्या वर परत आणले. कुणाकडून? ज्यांनी स्वतः घातले त्यापेक्षा जास्त काढून नेले होते त्यांच्याकडून. त्यातले कित्येक स्वतःला पीडितच समजत होते.

आपल्याकडे पैसे भरून सुटायची नवी वाट दिसायला लागलीय. स्टर्लिंग बायोटेकचे संदेसरा बंधू, बँकांना बुडवून पळालेले, फरार आर्थिक गुन्हेगार म्हणून जाहीर झालेले. ५,१०० कोटी भरा, सगळे खटले रद्द, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्य केलं. मला हे आवडलं नाही. ज्याच्याकडे मोठी रक्कम आहे त्यालाच हा दरवाजा उघडतो. पण बँकेच्या जागी तुमचे वडील असते तर त्यांनी काय निवडलं असतं, ते तुम्हीच वर लिहिलंय.

आणि इथं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. कोल्हापुरात पहिल्या फळीत ज्यांनी घातले, त्यांनी मुद्दल काढलं, वर नफा घेतला, कमिशन घेतलं, कुणी प्लॉट घेतला, कुणी पोराला डोनेशन भरून इंजिनिअरिंगला घातलं. तो पैसा डायरेक्टरचा नव्हता, तुमच्या आत्याच्या गंठणाचा होता. त्यावर मोर्चा निघत नाही, कारण ते सगळे आपल्याच गल्लीत राहतात.

जुना_सभासद

मॅडम, तोंड सांभाळून. आम्हीपण बुडालोय. मी चाळीस माणसं आणली ती चांगल्या भावनेनं, कमिशन घेतलं ते कंपनीच्या नियमानं, टीडीएस कापून. माझेपण शेवटचे सहा लाख अडकलेत. माणसं घरी येऊन शिव्या देतात, बायकोनं भिशीला जायचं सोडलंय. डायरेक्टर बंगल्यात आणि आम्ही चोर?

रेखा_राजारामपुरी

तुम्ही चोर असं मी म्हटलेलं नाही. एकूण किती घातले आणि परतावा, कमिशन मिळून एकूण किती घेतले, एवढं एका कागदावर मांडा. वजाबाकी तुमच्या बाजूनं आली तर तुम्ही ठेवीदार. टीडीएस कापला म्हणता, तर आकडे फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या उताऱ्यात सापडतील, आणि ते तपास अधिकाऱ्यालाही सापडतात.

लेथवाला_उद्यमनगर

सगळ्यांचे आभार, नाझरसाहेबांचे विशेष. जप्ती आणि शिक्षा वेगळी चालते हे कळल्यावर जरा बरं वाटलं. वडिलांना वाचून दाखवलं, त्यांनी सोलापूरचं नाव आल्यावर दोनदा वाचायला लावलं.

रेखाताई, तुमचं बरोबर असेलही, पण मला ते गिळायला जड जातंय. तो ड्रायव्हर काका अजून संध्याकाळी आमच्याकडं येतो, वडील त्याला चहा देतात. त्यानं किती काढले हे वडिलांनी विचारलं नाही आणि मला विचारू देत नाहीत. ज्या दिवशी आर्थिक गुन्हे शाखेत जबाब दिला त्या दिवशी ‘कोणामार्फत गुंतवणूक केली’ या रकान्यात वडिलांनी लिहिलं ‘स्वतः’. मी तिथंच भांडलो. हवालदार म्हणाला, बाहेर जाऊन भांडा, मागं रांग आहे.

तो रकाना आता बदलता येतो का? आणि पुढच्या तारखेचा चेक होता तो तसाच घरात पडलाय, भरलाच नाही. कंपनीच्या माणसानं ‘आत्ता भरू नका, बाउन्स झाला तर तुमचंच नाव खराब होईल’ असं सांगितलं होतं. त्याचं काही करता येईल?

निवृत्त_नाझर

पुरवणी जबाब देता येतो. तपास अधिकाऱ्याला अर्ज करा, वडिलांना सोबत घेऊन जा, सही त्यांचीच लागणार, म्हणजे आधी घरात ठरवा.

चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा लागतो. ती मुदत गेली असेल तर कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याचा दावा गेला. पण फाडू नका. कंपनीनं पैसे परत करायचं कबूल केलं होतं याचा तो कागद आहे, हातउसन्याच्या करारपत्राशेजारी ठेवला की रकमा जुळतात. पुढची-मागची बाजू झेरॉक्स करून पुरवणी जबाबाला जोडा, मूळ चेक मागितला तर पंचनामा झाल्याशिवाय हातातून सोडू नका. आत्याबाईंचा जबाब झालाय का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांचं नाव यादीत नसेल तर वाटपाच्या वेळी त्यांना कुणी शोधायला येणार नाही. त्यांनाही त्याच दिवशी घेऊन जा. गंठण मोडल्याची गुजरीतल्या सराफाची पावती असली तर सोबत ठेवा.